उल्का कर्णिकचं काडतूस

सिंगापूरच्या यिशुन भागातल्या एका जुन्या ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर राहणारी उल्का कर्णिक बँकेत अंतर्गत हिशेबतपासनीस आहे, एवढं शेजारपाजाऱ्यांना माहीत होतं. दर शनिवारी सकाळी ती एक साधी कापडी पिशवी खांद्याला लावून एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, चोआ चू कांगला जाते आणि तिथून पुढे बसने रायफल चालवायला जाते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं. कळणार तरी कसं? सिंगापुरात बंदूक घरी आणता येत नाही. ती क्लबच्या शस्त्रागारात कुलपाआड राहते. सही करून घ्यायची, सही करून परत द्यायची, आणि काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यासुद्धा तिथेच ठेवून यायच्या. तेव्हा उल्काच्या या नादाची खूण म्हणून घरात काही नव्हतं. कोपर टेकून टेकून घट्टे पडलेला डावा हात तेवढा होता.

हा नाद तिला चाळिशी उलटल्यावर लागला. ऑफिसच्या सहलीत सगळ्यांना एकेकदा नेम धरायला दिला होता. बाकीचे फोटो काढून घरी गेले, हिने क्लबचा पत्ता विचारून घेतला. तिचा नवरा निशिकांत तेव्हा म्हणाला होता, "योगाचा क्लास दोन महिने टिकला. हे तीन टिकेल." निशिकांत माणूस भला, पण त्याचे अंदाज नेहमी असेच.

पोटावर झोपून, पन्नास मीटरवरच्या कागदावर, शर्टाच्या बटणाएवढ्या वर्तुळात गोळी घालायची, हा तिचा खेळ. तिला शिकवणारे अंकल लिम म्हातारे, चिडके आणि अतिशय नेटके. त्यांनी तिला पहिल्या वर्षी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली. गोळी सुटली की लगेच नेम दाखवणाऱ्या पडद्याकडे बघायचं नाही. डोळा रायफलीवरच्या दुर्बिणीलाच ठेवायचा आणि आधी तोंडाने सांगायचं, ती कुठे गेली. आधी वर्तुळाचे गुण, मग घड्याळाच्या काट्यावर दिशा: 'नऊ, चार वाजता', किंवा 'दहा, मधोमध'. मग पडदा बघायचा. सांगितलेलं आणि पडद्यावरचं जुळलं, तर भले गोळी आठात गेलेली असो, अंकल लिम मान हलवायचे. जुळलं नाही तर दहात गेलेल्या गोळीलाही ते तोंड वाकडं करायचे. "ती गोळी तुझी नाही," ते म्हणायचे. "ती बंदुकीने मारली."

उल्काच्या तपासनिसाच्या डोक्याला हे फार पटलं. इतकं पटलं, की घरातही तिने तेच सुरू केलं. गार्गी, तिची मुलगी, शाळेतून निकालाचं पाकीट घेऊन आली की उल्का विचारायची, "आधी सांग, गणितात किती?" गार्गी वैतागून म्हणायची, "ममा, जस्ट ओपन लाह." पण सांगितल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही. आता गार्गी युनिव्हर्सिटीत आहे आणि तिचे स्वतःबद्दलचे अंदाज सहसा चुकत नाहीत. याचं श्रेय ती आईला देत नाही. उल्कानेही कधी मागितलं नाही.

तर अशा या उल्काला चोपन्नाव्या वर्षी न्यूझीलंडला शिकारीला जायचं बोलावणं आलं.

बोलावणं आणलं विक्रांत घोरपड्यांनी. ते क्लबातले जुने सभासद, पूर्वी मोठ्या बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आता निवृत्त. आवाज मोठा, गाडी मोठी, मनही मोठं. दर वर्षी एप्रिलच्या सुमाराला ते दोघातिघांना जमवून न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर एका खासगी डोंगराळ रानात वापिटी मारायला जात. वापिटी म्हणजे एल्क. आपल्या सांबराचाच थोरला भाऊबंद, पण सांबरापेक्षा उंच आणि वजनाने तीनशे किलोच्या पुढे. त्या वर्षी बरोबर येणाऱ्या एकुलत्या सोबत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि एक जागा रिकामी झाली.

शनिवारी रेंजवरून परतताना विक्रांतरावांनी उल्काला गाडीने घरापर्यंत सोडलं आणि खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, चहाला बसले. निशिकांत आणि गार्गीही खाली उतरले. पराठे आले, चहा आला, आणि विक्रांतरावांनी काडतुसांचा विषय काढला.

"बंदूक तिथला गाईड देतो," ते म्हणाले. "त्याच्याकडे दोन आहेत. एक सेव्हन एमएम मॅग्नम, एक थ्री हंड्रेड मॅग्नम. कुठली हवी ते आधी कळवायचं, म्हणजे तो तेवढी काडतुसं आणून ठेवतो. तुम्ही डोळे मिटून थ्री हंड्रेड सांगा."

"मॅग्नम तर आईस्क्रीम असतं, अंकल," गार्गी म्हणाली.

"असतं ना. हेही खाल्लं की थंडच होतं कोणीही." विक्रांतराव स्वतःच हसले. मग त्यांनी निशिकांतला समजावून सांगितलं. मॅग्नम म्हणजे पुंगळी मोठी, तिच्यात दारू जास्त. त्यामुळे गोळी वेगाने जाते आणि लांब गेल्यावरही तिचा जोर राहतो. सेव्हन एमएम ही धाकटी. थ्री हंड्रेड ही थोरली. गोळी अधिक जाड, अधिक जड, आणि खांद्याला धक्काही त्या मानाने. तिथे एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर, चारशे-पाचशे मीटरवर झाडावं लागतं. तेव्हा थोरलीशिवाय वापिटीकडे बघायचंही नाही, असं त्यांचं मत.

"का पण?" उल्काने विचारलं. "धाकटीने मरत नाही?"

"मरतो. नीट लागली तर. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाने धाकटीनेच झाडली. लागली, पण कुठे ते देव जाणे. जनावर गेलं डोंगरापलीकडे. दुसऱ्या दिवशी दिवसभर शोधलं, नाही मिळालं. म्हणून सांगतो, थोरली घ्या. नेम वीतभर इकडेतिकडे झाला तरी ती निभावून नेते."

"मग त्याचं काय झालं?"

"कोणाचं? तो आला परत. आहे की, सेंटोसाला राहतो."

"वापिटीचं."

विक्रांतरावांनी पराठ्याचा तुकडा रश्शात बुडवला आणि तसाच ठेवला. "काय होणार," ते म्हणाले. "दोन-तीन दिवसांनी मेला असेल कुठेतरी."

वर घरी आल्यावर निशिकांतने उल्काला विचारलं, "जाणार आहेस?"

"जाईन."

"तुला जमेल? कागद मारणं वेगळं."

"दर रविवारी टेक्काच्या मंडईतून मटण तू आणतोस, मी रांधते, तिघं खातो. त्याआधीचं मारण्याचं काम आजवर दुसऱ्याने केलं. एकदा ते मी करून बघते," उल्का म्हणाली. "पण जखमी करून डोंगरात सोडून यायचं नाही. तसं झालं तर मी पुन्हा रायफलीला हात लावणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

निशिकांत लग्नापासून तिला ओळखत होता. ती असं काही बोलली की ते लिहून घेण्याचीही गरज नसे.

पुढचे काही आठवडे उल्काने दोन्ही काडतुसांची तपासणी बँकेची शाखा तपासावी तशी केली. कुठल्या अंतरावर कुठली गोळी किती खाली येते, आडवा वारा तिला किती ढकलतो, तिथे पोचल्यावर किती जोर उरतो. क्लबातली मंडळी विचारायची, "मॅडम, लग्न कोणाशी ठरलं? धाकटीशी की थोरलीशी?" आणि प्रत्येक जण आपापला सल्ला देऊन जायचा. नव्वद टक्के पुरुष थोरलीच्या बाजूचे होते. त्यातल्या बहुतेकांनी दोन्हीपैकी एकही कधी झाडली नव्हती, आणि झाडणार तरी कुठे? तसली काडतुसं त्या रेंजवर चालतच नसत.

"झालं का तुझं ऑडिट?" निशिकांतने एकदा विचारलं.

"झालं. चारशे मीटरपर्यंत दोघींत चार बोटांचाही फरक नाही. जोर थोरलीचा जास्त, पण धाकटीचाही पुरून उरतो. आकडे दोघींचे स्वच्छ आहेत."

"मग?"

"सगळे आकडे स्वच्छ असले की समजायचं, मुख्य आकडा तक्त्यात आलेलाच नाही."

तो आकडा कोणता, हे तिला तेव्हा धड सांगता आलं नसतं. तिने गाईडला उत्तर लिहिलं: दोन्ही काडतुसं आणून ठेवावीत, ठरवायचं ते तिथे आल्यावर ठरवेन. विक्रांतरावांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "वा. साडीच्या दुकानात दोन साड्या अंगावर टाकून बघतात, तशी तुम्ही मॅग्नम बघणार."

"साडी चुकली तर बदलून मिळते, विक्रांतराव."

तयारी म्हणून ती रोज ऑफिसातून आल्यावर पाठीवरच्या पिशवीत तांदळाची थैली घालून जिन्याने अकरा मजले चढू लागली. चौथ्या मजल्यावरची मलय आजी दार उघडून विचारायची, लिफ्ट बंद आहे का? लिफ्ट चालू होती. आजी काळजीने दार लावून घ्यायची.

क्राइस्टचर्चला उतरून गाडीने आत जायला बराच दिवस गेला. गाईडचं नाव बेव्हन. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, बोलायला कमी. त्याचं लाकडी घर डोंगराच्या पायथ्याशी होतं आणि घरामागे एक लांबच लांब कुरण. आलेल्या माणसाला डोंगरावर नेण्याआधी तो या कुरणात झाडायला लावून बघत असे. "कोण काय बोलतं ते मी ऐकत नाही," तो म्हणाला. "कुरणात काय करतं ते बघतो."

दोनशे मीटरवर पुठ्ठा उभा केला. त्यावर हाताच्या पंजाएवढं काळं वर्तुळ. बेव्हन मोठी दुर्बीण लावून बाजूला बसला, विक्रांतराव खुर्ची टाकून मागे. उल्काने आधी थोरली घेतली.

पहिल्याच बाराला तिला कळलं की लोक धक्का का म्हणतात. खांद्यावर कोणी लाकडी दार आपटावं तसं झालं. तरी ती अंकल लिमची शिष्या. तिने डोळा दुर्बिणीला तसाच ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "मधोमध."

"डावीकडे, खाली," बेव्हन म्हणाला. "पण वर्तुळात आहे. छान."

दुसरी गोळी. "किंचित वर."

"उजवीकडे. कडेला, पण आत."

अशा पाच झाडल्या. पाचही काळ्या वर्तुळात. विक्रांतरावांनी टाळी वाजवली. "बघा. काय सांगत होतो? पहिल्या दिवशी पाचात पाच. आता धाकटीला कशाला त्रास देता, झोपू द्या तिला."

उल्का मात्र घामाघूम होऊन पुठ्ठ्याकडे बघत होती. पाचही गोळ्या आत होत्या आणि पाचही वेळा तिने चुकीचं सांगितलं होतं. धक्का येणार हे खांद्याला आधीच कळत होतं; चाप सुटायच्या क्षणी तिचे डोळे मिटत होते. दुर्बिणीतल्या फुलीची रेघ नेमकी कुठे होती, हे तिने पाहिलंच नव्हतं. बटण उघडं राहिल्यासारखी लाज तिला वाटली.

खांद्याला थोडी विश्रांती देऊन तिने धाकटी घेतली. धक्का हिलाही होता, पण तो सोसणारा. "दहा वाजता, कडेला," ती म्हणाली.

"दहा वाजता. कडेला." बेव्हनने दुर्बिणीतून डोळा काढला आणि तिच्याकडे पाहिलं.

"मधोमध."

"मधोमध."

"ही बाहेर गेली. तीन वाजता, दोन बोटं."

बेव्हनने जरा वेळ घेतला. "गेली," तो म्हणाला. "दोन बोटं."

विक्रांतराव खुर्चीतून पुढे झुकले. "अहो, बाहेर गेली म्हणून खूश काय होताय? थोरलीच्या पाचही आत होत्या."

"होत्या. पण त्या मी मारल्या नव्हत्या, विक्रांतराव. आत गेल्या एवढंच. हिची बाहेर गेलेलीसुद्धा माझी आहे." तिने पुंगळी बाहेर काढली. "उद्या जनावराला गोळी लागली आणि ते पळालं, तर मला कळायला हवं ना, कुठे लागली? मलाच माहीत नसेल तर शोधणार काय?"

"जनावर तीनशे किलोचं आहे, मॅडम. कागद नाही."

"म्हणूनच."

मग तिने पुठ्ठा लांब न्यायला सांगितला. तीनशेवर सांगितलेलं आणि झालेलं जुळत होतं. साडेतीनशेला वारा सुटला आणि जुळेना. चारशेला तर ती नुसते अंदाज करत होती. तिने रायफल खाली ठेवली. "धाकटी," ती बेव्हनला म्हणाली. "आणि तीनशेच्या पुढे मी झाडणार नाही."

"इथे लोक लांबून मारायला येतात," बेव्हन म्हणाला.

"माहीत आहे."

"तीनशेच्या आत जायचं म्हणजे पुष्कळ चालावं लागेल."

"जिने चढून आले आहे," उल्का म्हणाली. बेव्हनला ते समजलं नाही, पण त्याने वाद घातला नाही. विक्रांतराव मराठीत पुटपुटले, "लांब पल्ल्याची शिकार आहे ही, शेजारच्या ब्लॉकमधली नव्हे."

पहिले दोन दिवस पायपिटीत गेले. विक्रांतरावांनी दुसऱ्या दिवशी बेव्हनकडे ठेवलेल्या आपल्या स्वतःच्या थ्री हंड्रेडने एक नर मारला, चारशेच्या पलीकडून, एका गोळीत, जागच्या जागी. उल्काने मनापासून अभिनंदन केलं. नेम खरोखर सुंदर होता. ती ज्या नराच्या मागे होती तो मात्र प्रत्येक वेळी दरीच्या पलीकडच्या अंगाला शीळ घाली. हो, शीळच. सांबर ढोंक करून ओरडतं. हा एवढा मोठा प्राणी पातळ, चढत जाणारी शीळ घालतो आणि शेवटी घोगरा होतो. ती ऐकली की उल्काच्या मानेवर काटा यायचा.

तिसरा दिवस शेवटचा. सकाळी तो नर दिसला. दरीपलीकडच्या उतारावर, पिवळ्या गवतात, चार माद्यांसह. बेव्हनने अंतर मोजलं. पाचशेच्या वर.

विक्रांतरावांनी आपली रायफल पुढे केली. "घ्या. वारा पडलाय, तो आडवा उभा आहे, बेव्हन अंतर सांगेल. आत्ताच्या आत्ता काम होईल. पश्चिमेला बघा काय भरून येतंय. खाली उतरून वर चढेपर्यंत ना तो राहील, ना उजेड."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पश्चिमेकडचे डोंगर ढगात गेले होते. शिवाय बेव्हनही म्हणाला, की निघायचं तर आत्ताच निघायला हवं आणि पोचल्यावर नर तिथे असेलच याची हमी तो देणार नाही. उल्काने दुर्बिणीतून त्या जनावराकडे पाहिलं. इतक्या लांबून ते काडेपेटीवरच्या चित्राएवढं दिसत होतं.

"नाही मिळाला तर नाही मिळाला," ती म्हणाली. "मी चालते."

विक्रांतराव वॉकी-टॉकी घेऊन इकडच्या बाजूलाच थांबले, नरावर नजर ठेवायला. उल्का आणि बेव्हन खाली उतरले. ओढा गुडघ्यापर्यंत होता आणि बर्फासारखा गार. पलीकडचा चढ तर हाताने गवत धरून चढायचा. यिशुनचे जिने निदान सारख्या उंचीचे होते. मध्येच विक्रांतरावांचा आवाज आला, "आहे अजून. थोडा वर सरकलाय. चाला, मॅडम, चाला. आता नाही आलात तर मी त्याला चहा पाजतो." बेव्हनने वॉकी-टॉकीचा आवाज बारीक केला.

दुपार कलली तेव्हा ते एका खडकामागे पोचले. नर होता. बेव्हनने अंतर मोजून दोन बोटं दाखवली, मग आठ: दोनशे ऐंशी. उल्का पोटावर झोपली, रायफलीखाली पिशवी सरकवली, श्वास खाली बसू दिला. वारा गालावर हलकासा. नर आडवा वळला आणि मान वर केली. तिने चाप दाबला.

डोळा उघडाच होता. फुलीची रेघ तिने पाहिली, चाप सुटताना ती कुठे टेकली होती तेही पाहिलं. मग तिने हात चालवून दुसरं काडतूस आत घेतलं. पण नर माद्यांच्या घोळक्यात घुसला होता, आणि माद्या आणि तो मिळून धार ओलांडून झाडीत दिसेनासे झाले.

"चुकली," वॉकी-टॉकीवर विक्रांतरावांचा आवाज आला. त्यात आनंद नव्हता, खरोखर वाईट वाटलेलं होतं. "मागच्या दरडीवर धूळ उडाली. पाठीवरून गेली, मॅडम. तो ठणठणीत पळाला."

बेव्हनच्या डोळ्यावर ऊन होतं, त्याला नीट दिसलं नव्हतं. पण धूळ त्यानेही पाहिली होती. तो घाईने उठला. "कळप पुढच्या दरीत उतरेल. आत्ता पळालो तर पावसाच्या आत अजून एक संधी मिळेल."

"चुकली नाही," उल्का म्हणाली.

"धूळ—"

"आरपार गेली असेल. खांद्यामागे लागली आहे, मी धरला होता त्यापेक्षा चार बोटं खाली. तो आता दुसऱ्या दरीत जाणार नाही. इथेच आहे."

ते सांगताना तिचा आवाज शांत होता. ती चुकत असली तर पुढच्या दरीतली संधी गेली, एवढ्यावर भागलं असतं. ती बरोबर असून ते निघून गेले असते, तर मात्र विक्रांतरावांच्या सेंटोसावाल्या मित्रात आणि तिच्यात काही फरक उरला नसता.

कुरणातली ती बाहेर गेलेली गोळी बेव्हनच्याही लक्षात असावी. "ठीक," तो म्हणाला. "कुठून सुरू करायचं, सांग."

नर जिथे उभा होता तिथे ते गेले. रक्ताचा थेंब नाही. धारेवर गेले. तिथेही काही नाही, नुसत्या खुरांच्या खुणा, सगळ्यांच्या एकात एक मिसळलेल्या. ढग डोक्यावर आले होते. बेव्हनने एकदा घड्याळ पाहिलं. झाडी सुरू होत होती तिथे उल्का थांबली. माद्यांची वाट सरळ वर जात होती, आणि एक खोल उमटलेली, घसरलेली खूण डाव्या हाताला उताराकडे वळली होती. लागलेलं जनावर चढ चढत नाही, हे बेव्हननेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ती उताराला वळली.

काही पावलांवर, शेवाळलेल्या ओंडक्यापलीकडे, तो पडला होता. एका कुशीवर, शिंगं झुडपात अडकलेली. डोळे उघडे आणि निवलेले. पळता पळताच गेला होता. आणखी एक उसासाही त्याला टाकावा लागला नसेल.

उल्का त्याच्याजवळ गुडघ्यावर बसली आणि तिने त्याच्या मानेच्या दाट केसांवर हात ठेवला. अजून ऊब होती. हा हात ठेवण्याची कल्पना तिने सिंगापुरात असताना अनेकदा केली होती आणि प्रत्येक वेळी तिला भीती वाटली होती. आता वाटली नाही. तिने पुढच्या पायामागचे केस बाजूला केले. भोक लहान होतं, नीटस, खांद्यामागे, चार बोटं खाली.

बेव्हनने त्यावर आपली चार बोटं ठेवून पाहिली. मग टोपी काढली, पुन्हा घातली, आणि वॉकी-टॉकी तिच्या हातात दिला.

"विक्रांतराव, सापडला."

पलीकडे खरखर झाली. "कुठे लागली?"

"सांगितलं तिथेच."

"काय सांगता!" आणि मग, एरवीपेक्षा खालच्या आवाजात, "मी येतो. एकट्याने उचलू नका."

ते आले तेव्हा पाऊस सुरू झाला होता आणि बेव्हनने जनावर कापण्याचं निम्मं काम उरकलं होतं. ओढा ओलांडून, चिखलाने माखून, धापा टाकत आलेल्या विक्रांतरावांनी आधी ते भोक पाहिलं, मग जनावर, मग उल्काला. "मी स्वतःच्या डोळ्यांनी धूळ पाहिली," ते म्हणाले. "कोर्टात शपथेवर सांगितलं असतं, चुकली म्हणून."

"आणि मी तपासनीस म्हणून तुमची साक्ष फेटाळली असती."

"फेटाळलीतच की." ते हसले आणि शिंगांवरून हात फिरवला. "ही शिंगं माझ्यापेक्षा मोठी आहेत. म्हणजे माझ्या नराच्यापेक्षा. काय करणार यांचं? कागदपत्रं करून नेता येतील."

"आमच्या फ्लॅटमध्ये भिंत कुठे आहे? तुम्ही घ्या, तुमच्या काँडोच्या भिंतीवर शोभतील."

"दुसऱ्याने मारलेल्याची शिंगं घोरपडे भिंतीवर लावत नाहीत," विक्रांतराव म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज अजिबात मोठा नव्हता. "खालपर्यंत मात्र मी नेतो. तुमच्या वतीने."

मांस पन्नासेक जणांना पुरून उरेल एवढं होतं. त्यातलं सिंगापूरला काहीच येणार नव्हतं. बेव्हनच्या घरी रांधायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी येऊन त्याने आणि त्याच्या शेजाऱ्यांनी न्यायचं, असं ठरलं. बेव्हनने मागची एक मांडी कापडात गुंडाळली आणि स्वतःच्या पिशवीत घालू लागला.

"ती माझ्या पाठीवर दे," उल्का म्हणाली.

"जड आहे. आणि उतार ओला आहे."

"मारला मी. मग आणायचाही मीच."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग मांडी तिच्या पिशवीत ठेवून पट्टे घट्ट केले. तांदळाच्या थैलीपेक्षा ती बरीच जड होती आणि पाठीला अजून उबदार लागत होती. पुढे बेव्हन, मध्ये उल्का, मागे शिंगं सांभाळत, प्रत्येक फांदीला मराठीत शिव्या देत विक्रांतराव, असे ते पावसातून उतरू लागले. ओढ्यापाशी बेव्हन थांबला आणि त्याने हात पुढे केला. उल्काने तो धरला, पण पिशवी काही उतरवली नाही. ती तशीच पाण्यात शिरली.